खुर्शेद फ्रामजी नरीमन : मुंबईचे महापौर व १९३७ चा नेतृत्ववाद

खुर्शेद फ्रामजी नरीमन (१८८३–१९४८) यांचें नांव मुंबई शहराच्या नकाशावर दोन ठिकाणीं आढळतें. पूर्वीच्या चर्चगेट स्ट्रीटला आज वीर नरीमन मार्ग म्हणतात, आणि बॅक-बेच्या समुद्रांत भर घालून काढलेल्या भूमीच्या टोंकास नरीमन पॉइंट हें नांव पडलें आहे. रोज सहस्रावधि लोक हीं नांवें उच्चारतात. परंतु तीं ज्याचीं, त्या पुरुषाविषयीं सामान्य वाचकास बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते. ती अशी कीं, १९३७ सालीं मुंबई प्रांताचें मुख्य प्रधानपद त्यांच्या हातीं येतां येतां गेलें, आणि तें ते पारशी होते म्हणून गेलें. ही समजूत इतकी रूढ झाली आहे कीं, तिला आधार कोणता हें विचारणेंहि कित्येकांस चमत्कारिक वाटावें. नरीमन यांचा जीवनक्रम थोडक्यांत देऊन या प्रवादाची प्रमाणांच्या आधारें छाननी करणें, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नरीमन व्यवसायानें वकील होते. मुंबईंतील पारशी वकिलानें नगरकारभारांत शिरावें, तेथून इलाख्याच्या कायदेकौन्सिलांत जावें आणि मग देशाच्या राजकारणांत स्थान मिळवावें, हा मार्ग त्यांच्यापूर्वीं सर फिरोजशहा मेथा यांनीं रुळविला होता. मुंबई कॉर्पोरेशनचा १८८८ चा कायदा घडविण्यांत फिरोजशहांचा मोठा वांटा होता, आणि १९१५ सालीं ते निवर्तले तोंपर्यंत त्या संस्थेंत त्यांचें वजन अप्रतिहत होतें. नरीमन निघाले ते याच वाटेनें. मात्र त्यांचा पक्ष निराळा होता. फिरोजशहांची परंपरा नेमस्तांकडे गेली, तर नरीमन स्वराज्य पक्षाच्या बाजूनें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बसले. त्यांची पहिली मोठी कीर्ति झाली ती बॅक-बेच्या प्रकरणांत.

कुलाबा व मलबार हिल यांच्यामधील उथळ समुद्रास बॅक-बे म्हणतात. तेथें भर घालण्याचा एक मोठा उद्योग अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं कापसाच्या तेजीवर उभा राहिला, आणि १८६५ सालीं त्या तेजीबरोबरच बुडाला. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तो संकल्प पुन्हां हातीं घेतला. १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें निर्माण झालें. समुद्रांतून ११४५ एकर भूमि काढावयाची होती. बाहेरून भिंत घालावयाची व आंत यंत्रानें गाळ ओतावयाचा, अशी योजना होती. परंतु भिंतीच्या फटींतून गाळ पुन्हां समुद्रांत वाहून जाऊं लागला, खर्चाचे अंदाज कोसळले, आणि लॉइडचा मूर्खपणा अशा अर्थाचें नांव या कामास लोकांनीं दिलें. १९२६ सालीं सरकारास सर ग्रिमवुड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमावी लागली. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे तिचे एक सभासद होते. अखेर मूळ संकल्पाच्या निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारें ४४० एकर भूमि तेवढी त्या काळांत हातीं आली.

या कामांतील गैरव्यवस्था व उधळपट्टी उघडकीस आणण्यांत नरीमन अग्रभागीं होते. त्यांनीं केवळ खात्याच्या धोरणावर टीका केली नाहीं, तर अधिकाऱ्यांच्या वर्तनावर स्पष्ट आरोप केले. हार्वे नांवाच्या इंजिनियरानें त्यांजवर अब्रूनुकसानीची फिर्याद लाविली. खटला गाजला व नरीमन निर्दोष सुटले. एका बाजूस सरकारचें खातें व दुसऱ्या बाजूस एकटा वकील, असा तो सामना होता. त्यामुळें निकालानंतर नरीमन हें नांव मुंबईंत घरोघर पोहोंचलें. पुढें स्वातंत्र्योत्तर काळांत बॅक-बेंत आणखी भर पडली, आणि त्या नव्या भूमीच्या टोंकासच नरीमन यांचें नांव मिळालें. ज्या कामाच्या दोषांवर त्यांनीं झोड उठविली त्याच कामाच्या विस्तारावर त्यांचें स्मारक झालें. केवळ स्थलनामांवरून इतिहास लिहूं पाहणाऱ्या पुढील काळच्या संशोधकास नरीमन हे या भरणीचे पुरस्कर्ते होते असें वाटण्याचा संभव आहे. नामसाम्य हें दुर्बल प्रमाण होय, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे.

यानंतरचीं दहा वर्षें नरीमन यांच्या उत्कर्षाचीं होत. तरुणांच्या चळवळींत त्यांनीं पुढाकार घेतला. डिसेंबर १९२८ मध्यें कलकत्त्यास भरलेल्या अखिल भारतीय युवक काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत मुंबई शहराच्या प्रमुख नेत्यांत त्यांची गणना होती व त्यांना कारावासहि घडला. मुंबई प्रांतिक काँग्रेस कमिटीचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. ते आज्ञाधारक अनुयायी मात्र नव्हते. १९३३ सालीं 'व्हिदर काँग्रेस' हें पुस्तक प्रसिद्ध करून त्यांनीं महात्मा गांधींच्या राजकारणावर टीका केली. असें असतांहि ऑक्टोबर १९३४ मध्यें मुंबईस राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें तेव्हां स्वागताध्यक्ष नरीमन हेच होते. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण गांधींवरील टीकेमुळेंच ते पुढें मागें पडले असें म्हणावें, तर टीकेनंतर एका वर्षानें मिळालेल्या या मानाची संगति लागत नाहीं.

१९३५–३६ या वर्षीं ते मुंबईचे मेयर, म्हणजे आज आपण म्हणतों तसे महापौर, झाले. या पदाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील वादाचें मर्म बव्हंशीं त्यांत आहे. १९३१ पर्यंत कॉर्पोरेशनच्या प्रमुखास प्रेसिडेंट म्हणत. त्या सालीं मेयर हें अभिधान आलें. नांव बदललें तरी अधिकार वाढला नाहीं. १८८८ च्या कायद्यान्वयें प्रत्यक्ष कारभार सरकारनियुक्त कमिशनराच्या हातीं होता. मेयरनें सभा चालवाव्या, शहराच्या वतीनें पाहुण्यांचें स्वागत करावें, आणि वर्ष संपतांच खुर्ची सोडावी. त्या पदानें मान मिळे, शहरभर ओळख होई. परंतु खेड्यापाड्यांतील एकहि मतदार त्यायोगें बांधला जात नसे. त्या काळच्या मेयरांची नामावळी पाहिली तर पारशी, हिंदु, बेने इस्रायल, मुसलमान अशा सर्व समाजांचे गृहस्थ थोड्याथोड्या वर्षांच्या अंतरानें त्या खुर्चीवर बसलेले दिसतात : १९३१ सालीं बोमन-बेहराम, १९३५ सालीं नरीमन, १९३६ सालीं जमनादास मेहता, १९३७ सालीं एलिजा मोझेस, १९३८ सालीं सुलतान चिनॉय. शहराचें हें जग प्रांताच्या जगाहून अगदीं भिन्न होतें.

आतां मुख्य वादाकडे वळूं. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याप्रमाणें १९३७ च्या आरंभीं प्रांतिक निवडणुकी झाल्या. मुंबईच्या कायदेमंडळाच्या १७५ जागांपैकीं ८६ काँग्रेसला मिळाल्या. काँग्रेस पक्षाचा जो नेता होईल तोच पुढें मुख्य प्रधान होणार, हें उघड होतें. शहरांतील पुष्कळांची कल्पना अशी कीं, तो मान नरीमन यांचाच. परंतु १२ मार्च १९३७ रोजीं पक्षानें बाळ गंगाधर खेर यांस नेता निवडलें. काँग्रेसनें अधिकारस्वीकार लांबणीवर टाकल्यामुळें १ एप्रिल रोजीं सर धनजीशहा कूपर यांचें अल्पमताचें प्रधानमंडळ आलें, व जुलैमध्यें तें जाऊन खेरांचें प्रधानमंडळ अधिकारारूढ झालें.

नरीमन यांनीं आरोप केला कीं, सरदार वल्लभभाई पटेल यांनीं आपलें वजन खर्च करून सभासदांस आपल्याविरुद्ध फिरविलें. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांजकडे व वर्किंग कमिटीकडे तक्रार गेली. पत्रव्यवहार वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला व मुंबईंत मोठी खळबळ उडाली. शेवटीं महात्मा गांधी आणि मुंबईचे माजी अॅडव्होकेट-जनरल डी. एन. बहादुरजी या दोघांपुढें प्रकरण गेलें. बहादुरजी स्वतः पारशी होते. विषय दोन होते. पहिला १९३७ च्या नेतानिवडीचा. दुसरा १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीचा : त्या वेळीं मुंबई शहरांतून काँग्रेसतर्फे डॉ. गोपाळराव देशमुख निवडून आले, परंतु कन्हैयालाल मुन्शी पडले व सर कावसजी जहांगीर विजयी झाले. प्रांतिक कमिटीचे अध्यक्ष असून नरीमन यांनीं या प्रसंगीं आपलें कर्तव्य केलें नाहीं, असा त्यांजवर आरोप होता. ऑक्टोबर १९३७ मध्यें निर्णय बाहेर आला. वल्लभभाईंवरील आरोप सिद्ध होत नाहीं, आणि १९३४ च्या प्रकरणीं नरीमन विश्वासभंगाचे दोषी आहेत, असा दोन्ही परीक्षकांचा अभिप्राय पडला. नरीमन यांनीं तो प्रथम मान्य केला व पुढें आपली मान्यता परत घेतली. वर्किंग कमिटीनें त्यांस काँग्रेसमधील जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविलें. अवघ्या आठ महिन्यांत भावी मुख्य प्रधान म्हणून ज्याच्याकडे लोक पाहत होते तो पुरुष राजकारणाच्या कडेला जाऊन पडला.

पारशीपणाच्या प्रवादाचा मुख्य आधार या काळांतला नाहीं. तो मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या 'इंडिया विन्स फ्रीडम' या आत्मवृत्तांत आहे. मौलानांनीं आपल्या आठवणी हुमायून कबीर यांस सांगितल्या व त्यांनीं त्या इंग्रजींत उतरविल्या; फेब्रुवारी १९५८ मध्यें मौलाना वारले व पुस्तक १९५९ मध्यें निघालें. त्यांत त्यांनीं म्हटलें आहे कीं, बहुसंख्य हिंदु सभासदांच्या पक्षाचा नेता पारशी असावा हें वल्लभभाई व त्यांचे सहकारी यांस रुचलें नाहीं, म्हणून खेर पुढें आणले गेले, आणि नरीमन यांजवर अन्याय झाला. मौलाना त्या काळीं वर्किंग कमिटीचे सभासद होते. त्यांचें वाक्य आप्तवाक्य म्हणून सहज टाकून देतां येणार नाहीं.

परंतु आप्तवाक्यासहि कसोटी असते. वक्त्यास तें वृत्त प्रत्यक्ष ठाऊक असावें, आणि तें सांगतांना मध्यें काळाचा पडदा पडलेला नसावा. मौलानांचें निवेदन घटनेनंतर सुमारें वीस वर्षांनीं झालेलें आहे, तेंहि एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत उतरलेलें. पक्षाची सभा मुंबईची. तींत मतें देणारे सभासद मुंबई प्रांताचे. सभासदांच्या मनांत काय होतें याविषयींचें मौलानांचें विधान हें पाहिलेल्या वस्तूचें कथन नसून अनुमान आहे. शिवाय ज्या वर्किंग कमिटीनें नरीमन यांस अपात्र ठरविलें तींत मौलाना स्वतः होते. तेव्हां तत्कालीन सामुदायिक निर्णय व उत्तरकालीन वैयक्तिक स्मरण यांत विरोध उत्पन्न होतो. विरोध आला असतां समकालीन लेखास अधिक बल द्यावें, हा आपल्या शास्त्राचा नियम आहे. बखरींच्या बाबतींत आपण तो कटाक्षानें पाळतों. अर्वाचीन आत्मवृत्तांच्या बाबतींत तो शिथिल करण्याचें कारण नाहीं.

अन्वयव्यतिरेकानेंहि पाहूं. पारशी असणें हेंच जर बाधक, तर जेथें पारशी तेथें नकार दिसला पाहिजे. परंतु खेरांच्या पहिल्याच प्रधानमंडळांत डॉ. मंचरशा धनजीभाई गिल्डर हे पारशी गृहस्थ होते, व दारूबंदीसारखें पारशी समाजास अप्रिय असें काम त्यांजकडेच होतें. १९३४ चें प्रकरण तर या प्रवादाच्या उलट बाजूस जातें : तेथें पराभूत मुन्शी हिंदु व विजयी जहांगीर पारशी. तक्रारीचा न्याय करण्यास बसलेल्या दोघांपैकीं एक पारशी कायदेपंडित, आणि त्यांचाहि अभिप्राय नरीमन यांस प्रतिकूल. या सर्वांवरून इतकें निघतें कीं, पारशीपण हें नकाराचें पुरेसें कारण नव्हतें. मंत्रिपद व मुख्य प्रधानपद यांत अंतर आहे, आणि एकास जें चाललें तें दुसऱ्यास चालेलच असें नाहीं, हा आक्षेप येऊं शकतो व तो योग्य आहे. परंतु आक्षेपानें शंका उभी राहते. प्रवाद सिद्ध होत नाहीं.

मग कारण कोणतें? तें काँग्रेसच्या रचनेंत शोधावें असें आम्हांस वाटतें. सरकारी दृष्टीनें मुंबई हा एक प्रांत. परंतु काँग्रेसच्या दृष्टीनें त्यांत मुंबई शहर, गुजराथ, महाराष्ट्र व कर्नाटक अशा चार प्रांतिक कमिट्या होत्या. नरीमन अध्यक्ष होते ते यांपैकीं पहिल्या, एका शहराच्या कमिटीचे. निवडून आलेल्या सभासदांत मात्र जिल्ह्यांतून आलेल्यांचा भरणा होता, आणि ते आपापल्या विभागाच्या पुढाऱ्यांकडे पाहून मत देणारे होते. गुजराथचे सूत्रधार वल्लभभाई. महाराष्ट्रांत शंकरराव देव. कर्नाटकांत गंगाधरराव देशपांडे. या तिघांचें परस्परांशीं बोलणें होतें, आणि आपला कल नरीमन यांच्या बाजूनें नाहीं हें वल्लभभाईंनीं लपविलें नव्हतें. शहरांतल्या माणसास जिल्ह्यांचीं मतें मिळण्याचा मार्ग या तिघांच्या दारावरून जात होता. बॅक-बेचा खटला, सत्याग्रहांतील कारावास, महापौराची झूल, हें सर्व मुंबईंत मोठें. पण खेडा, सातारा किंवा धारवाड येथून आलेल्या सभासदास त्याचें महत्त्व तितकें नव्हतें. खेर हेहि मुंबईचे सॉलिसिटर, परंतु ते मराठी, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यांतले, आणि कोणत्याहि विभागास न खुपणारे. अशा बेरजेंत त्यांचें पारडें जड होणें स्वाभाविक होतें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चौकशीपुढें प्रश्न होता तो वल्लभभाईंनीं अयोग्य दडपण आणलें काय, हा. त्याचें उत्तर नाहीं असें आलें. परंतु त्यावरून वल्लभभाईंच्या प्रतिकूलतेचा परिणामच झाला नाहीं असें सिद्ध होत नाहीं. ज्याच्या शब्दास सबंध प्रांतांत मान आहे त्यानें केवळ मौन धरलें तरी तें मौन बोलतें. निर्दोषत्व आणि अलिप्तता या दोन वस्तु एक नव्हेत. त्याचप्रमाणें १९३४ च्या प्रकरणीं नरीमन दोषी ठरले, एवढ्यावरून मार्च १९३७ मध्यें सभासदांनीं त्याच कारणास्तव त्यांस नाकारलें असेंहि होत नाहीं. दोषनिर्णय ऑक्टोबरचा आहे आणि निवड मार्चची. मागाहून झालेल्या निर्णयास आधीच्या कृतीचें कारण ठरविणें हा पौर्वापर्याचा दोष होय. वल्लभभाईंचे चाहते व नरीमन यांचे चाहते या दोघांच्याहि लेखनांत हे दोन घोटाळे वारंवार आढळतात.

नरीमन यांचें पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतां येईल. १९३९ सालीं सुभाषचंद्र बोस यांनीं फॉरवर्ड ब्लॉक स्थापिला, त्यांत ते सामील झाले. पूर्वीचें स्थान त्यांस पुन्हां लाभलें नाहीं. देश स्वतंत्र झालेला पाहून १९४८ सालीं ते निवर्तले. त्याच काळीं वल्लभभाई भारताचे उपपंतप्रधान व खेर मुंबईचे मुख्य मंत्री होते. पराभूताची बाजू लोकांच्या स्मरणांत राहिली ती त्यांच्या कार्यामुळें थोडी व त्यांच्यावरील अन्यायाच्या कथेमुळें फार. ही त्यांच्यावर दुसरी आपत्ति म्हटली पाहिजे. कारण ज्यानें एकट्यानें सरकारच्या एका बलाढ्य खात्यास जाब विचारला, त्याची ओळख केवळ जातीमुळें डावलला गेलेला गृहस्थ एवढीच उरली. जातीची कथा सोपी असते व म्हणून ती टिकते. तिनें वल्लभभाई व खेर यांजवर अप्रमाण दोष येतो, आणि नरीमन यांचें खरें कर्तृत्वहि झांकलें जातें.

एकंदर प्रमाणें पाहतां निष्कर्ष असा निघतो : नरीमन हे शहराचे पुढारी होते व प्रांताचे नव्हते; नेतृत्वाचा निकाल प्रांताच्या विभागांनीं लाविला; वल्लभभाईंच्या नापसंतीनें शहर व विभाग यांमधील एकुलता दुवा तुटला. पारशीपणाचा प्रवाद हा मौलानांसारख्या थोर पुरुषाच्या मनावर उमटलेला ठसा म्हणून नोंदवावा, परंतु सिद्ध वृत्त म्हणून लिहूं नये.

जाता जाता संग्राहकांस एक विनंति. शिवकालीन चिटोरें दिसलें तर आपण तें जपतों, पण १९३७ च्या निवडणुकीचीं हस्तपत्रकें, मतदारयाद्या, पक्षाच्या सभांचीं निमंत्रणें, सभासदांची खासगी पत्रें हीं रद्दींत जातात. त्या सभेंत मत देणारे ८६ सभासद जिल्ह्याजिल्ह्यांतले होते. त्यांच्या घरच्या पेट्यांतील एखादें पत्र या वादावर मोठ्या आत्मवृत्ताहून अधिक प्रकाश पाडूं शकेल. कागद समकालीन असला म्हणजे त्याचें वय थोडें म्हणून त्याची योग्यता थोडी होत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं त्याची नक्कल करून ठेवावी, मूळ कागद वाळवीपासून व रद्दीवाल्यापासून वांचवावा, आणि त्यावर तारीख नसल्यास तो कोठून व कोणाकडून मिळाला हें मागच्या बाजूस शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावें.